आधी खाणारी बाई

चाखणबाई आमच्या चुलीपुढे बसून पहिले धिरडे स्वतः खायची आणि मग भिंतीला पाठ टेकून दाराकडे बघत राहायची. तेवढा वेळ कोणी बोलायचे नाही, उंबऱ्यात कोणी उभे राहायचे नाही. अंगणातले ऊन तुळशीवरून सरकून गोठ्याच्या भिंतीला लागेपर्यंत ती तशीच बसलेली असायची. मग एकदम अंग झटकून विचारायची, "दारात कोनी आलं काय वं?" आम्ही म्हणायचो, "कोणी नाही, मावशी." त्यावर ती म्हणायची, "मंग बरं हाय. पीठ चांगलं हाय. वाढा आता सगळ्याईले."

हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, बाईच्या डोक्यात फरक आहे. लग्न होऊन वाईहून अमरावतीला येऊन मला थोडेच दिवस झाले होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले, वरचे हुकूम नागपूरहून यायचे, आणि आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, परकोटाच्या आतल्या एका शाळेत शिकवायचे. घरची मंडळी फुलमळ्यातली. वलगावला चुलत दिरांचा शेवंतीचा मळा होता. इथले "मले-तुले" ऐकून सुरुवातीला मला वाटायचे की जो तो माझ्याशी भांडायलाच उठला आहे. मीही काही कमी नव्हते, एकाला दोन ऐकवायची. पण चाखणबाईपुढे माझी जीभ उचलायची नाही. ती समोर बसून बोलत असली तरी असे वाटायचे की तिचे अर्धे लक्ष माझ्या खांद्यामागे उभ्या असलेल्या कोणाकडे तरी आहे. मी कितीदा तरी वळून पाहिले असेन.

तिचे खरे नाव गिरजा. आजाऱ्यांची, बाळंतिणींची आणि म्हाताऱ्यांची पिठे ती करायची. ज्याचे जसे पोट, त्याला तसे पीठ. दळण स्वतः जात्यावर दळायची, धिरडी स्वतः घालायची आणि आधी स्वतः चाखायची, म्हणून गावाने तिची चाखणबाई करून टाकली होती. तिच्या खोलीत मडक्यांची उतरंड होती, दर मडक्यात निराळे धान्य. एक मडके मात्र उतरंडीत नव्हते. ते कोपऱ्यात पालथे घातलेले असायचे. मी एकदा उचलायला गेले तर तिने माझा हात धरला. हात थंडगार होता, वैशाख असून. म्हणाली, "रिकामं हाय ते. रिकामंच राह्यलं पायजे."

धान्यांविषयी ती नात्यातल्या माणसांविषयी बोलावे तसे बोलायची. मी गव्हाची बाजू घेऊन वाद घातला की म्हणायची, "गहू जावाई हाय. सणावाराले बोलवा, मान द्या. रोज घरात ठेवला तं पोटावर बसते." ज्वारी तिच्या मते घरची सून होती; तिच्यावाचून चालत नाही आणि तिचे नाव कोणी घेत नाही. बाजरी भांडखोर, पण हिवाळ्यात ऊब तीच देते. भगर पाहुणी, आली काय आणि गेली काय, घटकाभरात पुन्हा भूक. कोदोपाशी आली की तिचा आवाज खाली यायचा. "कोदो जोगी हाय बाई. चांगला असला तं आजाऱ्याले उठवते. मातला असला तं संगं घेऊन जाते."

कोदो हे मेळघाटच्या डोंगरातले बारीक धान्य. कोरकू बाया पाट्या भरभरून बाजारात आणायच्या. जुना, वर्षानुवर्षे कणगीत मुरलेला कोदो पोटाला इतका हलका की तान्ह्या बाळालाही पचावा. पण कापणीच्या वेळी पाऊस लागला की तो मातायचा. मातलेला कोदो खाल्ला की माणूस झुलतो, हातपाय गार पडतात, उगाच हसू येते आणि नसलेली माणसे दिसतात. असे झाले की इकडे "कोदो लागला" म्हणत. दाणा बघून, हुंगून, चावून काही कळत नाही. खाऊनच कळते, आणि एखाद्या अशक्त माणसाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

नव्या आजाऱ्याच्या घरी गेली की ती तव्यावर तीन पिठांची तीन लहान धिरडी शेजारी शेजारी घालायची. तव्याला कांद्याच्या फोडीने जवसाचे तेल लावायची आणि कोणाला जाळी कशी पडते, कोणाची कड आधी सुटते, ते डोके कलते करून बघायची. ज्वारीचे धिरडे कडेला तडकायचे, भगरीचे पांढरे आणि मऊ, कोदोचे तपकिरी, बारीक भोकाभोकाचे. ती धिरडी एका दिवसात द्यायची नाही. आज एक, परवा दुसरे. आजाऱ्याने खाल्ले की त्याच्या पोटावर तळवा ठेवून बसायची. "पोट बोलते," म्हणायची, "आपनच आयकत नाही." मास्तर बाहेरच्या ओट्यावरून मला म्हणायचे, "तुमच्या मावशीला आमच्या शाळेत तपासनीस म्हणून पाठवा, पोरांची पोटे तरी बोलतील." मी हसायची, पण ती ऐकत नाही ना, हे आधी बघून घ्यायची.

आमच्या घरात पहिला घास देवाचा, मग पुरुषांचा, मग लेकरांचा. बायका शेवटी, तव्यावर उरेल ते खायच्या. मला माहेरीही हेच वळण होते आणि त्यात काही वावगे आहे असे कधी वाटले नव्हते. चाखणबाई मात्र चुलीपुढचे पहिले धिरडे बिनदिक्कत तोंडात घालायची. सासूबाई एकदा चिडल्या. "अवं गिरजे, देवाच्या आंधी खाते, तुले काही वाटते का नाही?" चाखणबाईने घास गिळला, पदराने तोंड पुसले आणि शांतपणे म्हणाली, "देवाले काही झालं तं देव पाहून घेईन. लेकराले झालं तं कोन पाह्यते? जिच्या हातानं शिजलं तिनं आंधी खाल्लं पायजे. मायनं तं आंधीच." सासूबाई पुटपुटत राहिल्या, पण तिला घरी बोलवायचे काही त्यांनी सोडले नाही.

वलगावच्या मळ्यावर एकदा ती माझ्या दिरांच्या घरी पीठ करून द्यायला गेली, मीही बरोबर होते. तिथे कोदो त्यांनीच बाजारातून आणून ठेवला होता. तिने एक धिरडे खाल्ले, भिंतीला टेकली, आणि थोड्याच वेळात म्हणाली, "फेकून द्या." एवढे धान्य फेकायचे दिरांच्या जिवावर आले. तिची पाठ वळल्यावर त्यांनी भिजवलेले सगळे पीठ बैलापुढे टाकले. आम्ही निघेपर्यंत बैल गोठ्याच्या एका कोपऱ्याकडे तोंड करून उभा होता, हळूहळू झुलत, मान खालीवर करत. समोर नुसती भिंत होती. बैल जगला, पण त्यानंतर त्या गोठ्यात पाऊल टाकेना. ओढला तर डोळे पांढरे करून मागे सरायचा. शेवटी दिरांनी त्याच्यासाठी बाहेर छप्पर घातले.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी मास्तरांना विषमज्वर झाला. ताप उतरला, पण पोटात काही ठरेना. साबुदाण्याची लापशी उलटून पडायची, भाताची पेज आंबायची, गव्हाच्या नुसत्या वासाने त्यांना मळमळायचे. डॉक्टर म्हणाले, अन्न टिकले तर माणूस टिकेल. माझ्या पदरात मूल नव्हते, माहेर कुठच्या कुठे. अंथरुणात माणूस आहे की नुसती चादर आहे, असे बघणाऱ्याला वाटावे इतके ते वाळले होते. मी चाखणबाईच्या पायांवर डोके ठेवले. ती म्हणाली, "पायावर कायले पडते? तवा ठेव."

ज्वारीच्या धिरड्याने मास्तरांच्या पोटात आग पडली. भगरीचे राहिले, पण त्याने त्राण येईना. कोदो आणि मुगाचे मात्र ठरले. तो तिच्या उतरंडीतला, जपून ठेवलेला जुना कोदो होता. मास्तरांच्या गालावर थोडा रंग आला, चिडचिड करू लागले, म्हणजे बरे होऊ लागले. आणि तेवढ्यात तिचा कोदो संपला. दिरांनी धावपळ करून मोर्शीच्या बाजारातून दुसरा आणला. विकणारीने तो जुना असल्याची शपथ वाहिली होती. चाखणबाईने दळला, मूग मिसळले, पीठ भिजवले.

भर दुपारची वेळ होती. तिने पहिले धिरडे खाल्ले आणि नेहमीप्रमाणे भिंतीला टेकली. आतल्या खोलीतून मास्तर बारीक आवाजात म्हणाले, "झालं का गं? भूक लागली आहे." आजारपणात पहिल्यांदाच त्यांनी भूक हा शब्द काढला होता. मी तव्यावर दुसरे धिरडे घातले आणि चाखणबाईकडे पाहिले. तिचा चेहरा बदलत होता. वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बाईला लांबून आपले माणूस येताना दिसावे, तसा तो उजळत चालला होता. तिने लुगड्याचा घोळ आवरून घेतला, थोडी बाजूला सरकली आणि शेजारची जमीन हाताने थापटली. मग तो हात वर उचलला आणि हवेतून हलके हलके खाली आणला, एखाद्या बसलेल्या पोरीच्या डोक्यावरून वेणीच्या टोकापर्यंत फिरवावा तसा. मी दाराकडे पाहिले. ऊन, उंबरा, अंगण. बाकी काही नव्हते. आमची कोंबडी रोजच्यासारखी दाणे टिपायला उंबऱ्यापर्यंत आली, थबकली आणि मान ताठ करून मागच्या मागे गेली.

"झालं का?" मास्तरांनी पुन्हा विचारले.

मी म्हटले, "मावशी, पीठ कसं आहे?" ती हवेतून हात फिरवतच राहिली. "मावशी, ते भुकेले आहेत." तिचे ओठ नुसते हलले. तव्यावरचे धिरडे करपू लागले. एकदा वाटले, हिला होय म्हणायला लावावे आणि हे ताट आत न्यावे. शेवटी त्या रिकाम्या जागेवरून नजर न काढता ती म्हणाली, "फेकून दे." हात थोडा वेळ हवेत तसाच राहिला, मग मांडीवर पडला.

मीठपाणी पाजून मी तिला ओकायला लावले. उन्हे कलेपर्यंत ती घोंगडीत कुडकुडत पडली होती. उठल्यावर तिने सांगितले ते असे. मोर्शीच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी तिचे घर होते. बनू नावाची एक मुलगी होती. बनूचा ताप नुकताच उतरला होता, आणि घरात त्या वर्षीच्या पावसात सापडलेला कोदो सोडून दुसरे काही नव्हते.

"पयलं धिरडं तिले देल्लं," चाखणबाई म्हणाली. "भुकेलं होतं लेकरू. मायनं कधी आंधी खाल्लं हाय काय? खाता खाता हासाले लागली. म्हने, माय, दारात कोन हाय वं? म्या पाह्यलं तं कोनी नाही. दिवस बुडायच्या आत गेली. म्या आंधी खाल्लं असतं तं मले कळलं असतं, बाई."

ते पालथे मडके त्याच कोदोचे होते.

मी विचारले, "आणि दारात बघता ते?"

"मातलेला असला तं बनू येते. चांगला असला तं नाही येत." तिने माझ्याकडे सरळ पाहिले, बहुधा पहिल्यांदाच. "आज म्या चांगलं हाय म्हटलं असतं तं हे पीठ घरात राह्यलं असतं. बनू उद्या बी आली असती, परवा बी. अन् तुहा नवरा गेला असता." मग म्हणाली, "ते पीठ, तो कोदो, सगळं पुरून टाक. कुठी पुरलं ते मले सांगू नोको. म्या मागितलं तरी सांगू नोको."

मी ते पुरले. पुढे बरेच दिवस ती आमच्या परसातून जाताना जमिनीकडे बघत जायची. एकदा मागच्या दारात उभी राहून विचारलेच, "थोडंसं राह्यलं असन नं वं कुठी?" मी म्हटले, "नाही, मावशी." ती म्हणाली, "मंग बरं हाय," आणि निघून गेली. त्या दिवसापासून माझा तिच्यावर जीव जडला तो कायमचा.

मास्तर भगरीवर कसेबसे तगले. मग एका कोरकू बाईने आपल्या घरच्या कणगीतला कोदो दिला. चाखणबाईने तो चाखला, दारात कोणी आले नाही आणि मास्तर उठून बसले. सगळे घर आनंदात होते. "पीठ चांगलं हाय" म्हणताना तिचा चेहरा कसा उतरतो, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. इतकी वर्षे तो असाच उतरत आला होता, दर घरात, दर चुलीपुढे.

मी तेव्हापासून आधी खाऊ लागले. सासूबाईंनी पुष्कळ आकांडतांडव केले. मास्तर मात्र ताटावर हात जोडून बसायचे आणि म्हणायचे, "खा बाई, तुमचे झाले की आम्हाला जगायची परवानगी द्या."

काही वर्षांनी मास्तरांची बदली अकोल्याला झाली. चाखणबाई थकली तेव्हा तिलाही तिची भाची अकोल्याला घेऊन आली, आमच्या घरापासून फार लांब नाही. एका उन्हाळ्यात भाचीचा निरोप आला की म्हातारी अन्नाला शिवत नाही. मी गेले. भाची बिचारी मायेने पहिला घास म्हातारीला भरवायला जायची आणि ही तोंड गच्च मिटून घ्यायची. "मले म्हन्ते, तू आंधी खा," भाची रडकुंडीला आली होती. "आजाऱ्याच्या आंधी मी कशी खाऊ?"

चाखणबाईचे डोळे खोल गेले होते. मला ओळखून म्हणाली, "कोदोचं धिरडं घाल." माझ्याकडे घरचा जुना कोदो होता, कित्येकदा खाल्लेला, खात्रीचा. पीठ करून आणले, तिच्यासमोर चूल पेटवली. अकोल्याच्या दुपारी कोणी दार उघडे ठेवत नाही. भाचीनेही झळा येऊ नयेत म्हणून दाराला आतून आडणा घातला होता. मी पहिले धिरडे खाल्ले. भिंतीला टेकून बसले. चाखणबाई खाटेवरून माझ्या तोंडाकडे बघत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने विचारले, "दारात कोनी आलं काय वं?"

"दार लावलेलं आहे, मावशी."

"लावलेलं असू दे. कोनी आलं काय?"

ती काय ऐकायला आसुसली होती ते मला माहीत होते. बनू आली म्हटले असते तर तिचा जीव निवला असता. पण मग पीठ वाईट ठरले असते, तिने ते तोंडाला लावले नसते आणि उपाशी गेली असती. आणि तिने स्वतः एवढे सोसून कधी खोटे सांगितले नव्हते, मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? मी म्हटले, "कोणी नाही, मावशी."

"मंग बरं हाय," ती म्हणाली. "पीठ चांगलं हाय. दे."

तिने धिरड्याचे दोन भाग केले. एक सावकाश, घासाघासाने खाल्ला. भाचीच्या डोळ्यांना धार लागली. मग चाखणबाई भिंतीला टेकून बसली आणि लावलेल्या दाराकडे बघू लागली. थोड्या वेळाने तिने लुगडे आवरून घेतले, खाटेवर बाजूला सरकली आणि शेजारची गोधडी हाताने थापटली. चेहरा तसाच उजळला, त्या दुपारच्यासारखा.

"ये," ती म्हणाली. "म्या खाल्लं हाय आंधी. चांगलं हाय. आता तू खा."

उरलेला तुकडा तिने हातावर घेऊन पुढे धरला. आम्ही दोघी बघत होतो. हात कितीतरी वेळ तसाच होता, मग बोटे हळूच मिटली आणि तिने डोळे मिटले. ऊन उतरायच्या आत ती गेली.

तिला खाली घेताना मी तिची मूठ उघडली. आत काही नव्हते. गोधडी झटकली, खाटेखाली पाहिले, चुलीजवळ पाहिले. आडणा दाराला जसाच्या तसा होता. घरी सांगितले तेव्हा मास्तर म्हणाले, तो तुकडा उंदराने नेला असेल. असेल. आजही मी सगळ्यांच्या आधी पहिले धिरडे खाते, माझ्या सुना तोंडाला पदर लावून हसतात, आणि मी थोडा वेळ दाराकडे बघते. त्या दिवशीचे पीठ चांगले होते. मी आधी खाल्ले होते, मला माहीत आहे.